‘नाइस’ : कुठे म्हणावे, कुठे आवरावे

इंग्रजी बोलायला लागल्यावर मराठी माणसाच्या हाती जी दहा-पंधरा विशेषणे सगळ्यात आधी पडतात, त्यांत ‘नाइस’ असतेच. ‘छान’ म्हणजे ‘नाइस’, एवढ्या भांडवलावर बरीच वर्षे निभावूनही जाते. मग कधीतरी तोंडून ‘इट्स अ नाइस वेदर’ निघते, ‘शी इज व्हेरी नाइस विथ मी’ निघते, ‘यू आर लुकिंग नाइसली’ निघते, आणि समोरचा इंग्रजी जाणणारा सभ्यपणे गप्प राहतो. या तिन्ही चुका इंग्रजी कच्चे असल्यामुळे होतात असे आपल्याला वाटते. खरे तर त्या ‘छान’ पक्का असल्यामुळे होतात. छान हा शब्द मराठीत जी जी कामे करतो ती सगळी नाइसकडून करून घ्यायला गेले की घोळ होतो. म्हणून खाली नियमांबरोबर प्रत्येक ठिकाणी मराठी काय ओढ लावते तेही सांगितले आहे. ती ओढ कळली की चूक बरीचशी आपोआप थांबते.

उच्चार आणि रूपे

शेवटचा आवाज स्वच्छ ‘स’. ‘नाइज’ नाही. स्पेलिंग एन-आय-सी-ई. मध्ये चुकून आणखी एक ई घुसला, एन-आय-ई-सी-ई झाले, की शब्द ‘नीस’ होतो आणि अर्थ भाची किंवा पुतणी. ‘माय नाइस इज कमिंग टुमॉरो’ असे पत्रात गेलेले वाक्य याच एका अक्षराची करामत असते.

फ्रान्समधल्या शहराचे स्पेलिंग मात्र विशेषणासारखेच, पण ते वाचायचे ‘नीस’. त्याचे मूळ ग्रीक, विजयाची देवता नायकी हिच्या नावात आहे. आपल्या विशेषणाशी नाते काही नाही. साखर पेरलेले, खोबऱ्याच्या चवीचे जे बिस्कीट आपण ‘नाइस’ म्हणून चहात बुडवतो, त्याला ब्रिटनमध्ये अनेक जण शहराच्या नावाप्रमाणे ‘नीस’च म्हणतात.

तुलनेची रूपे ‘नाइसर’ आणि ‘नाइसेस्ट’. आपण ‘जास्त छान’ म्हणतो म्हणून ‘मोअर नाइस’ तोंडात येते, ते टाळा. ‘खूप जास्त छान’ म्हणायचे तर ‘मच नाइसर’. ‘व्हेरी नाइसर’ होत नाही, कारण ‘व्हेरी’ साध्या रूपाला लागतो, तुलनेच्या रूपाला ‘मच’ किंवा ‘अ लॉट’.

दिसणे, लागणे, वाटणे : इथे ‘ली’ लावू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबू.

मराठीत छान विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. ‘छान साडी’, ‘साडी छान दिसते’, ‘ती छान गाते’ या तिन्ही ठिकाणी शब्द तसाच राहतो. इंग्रजीत पहिल्या दोन ठिकाणी ‘नाइस’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘नाइसली’. गाडी नेमकी दुसऱ्या आणि तिसऱ्यात अडते. कुणी दोन्हीकडे ‘नाइस’ लावतो: ‘शी सिंग्ज नाइस’. कुणी शाळेत क्रियापदापुढे ‘ली’ लावायचे शिकलेला असतो, तो दोन्हीकडे ‘नाइसली’ लावतो: ‘द सारी लुक्स नाइसली’. दोन्ही चूक.

चाचणी अशी करा. वाक्यातले क्रियापद काढा आणि त्या जागी ‘इज’ ठेवा. ‘द सूप स्मेल्स नाइस’चे ‘द सूप इज नाइस’ झाले. अर्थ शाबूत राहिला, म्हणजे ‘नाइस’ बरोबर. आता ‘शी सिंग्ज’चे ‘शी इज नाइस’ करून बघा. गाण्याची गोष्ट बाईच्या स्वभावावर गेली. अर्थ पळाला, म्हणजे इथे ‘नाइसली’ हवे. लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड, सीम ही सहा क्रियापदे या चाचणीत ‘नाइस’च्या बाजूला पडतात. मराठीत दिसणे, वास येणे, चवीला लागणे, वाटणे यांची जी जागा, तीच यांची.

‘शी सिंग्ज नाइसली’ व्याकरणाने बरोबर असले तरी कौतुक म्हणून पातळ आहे. गाणे खरोखर आवडले असेल तर ‘ब्यूटिफुली’ म्हणा, निदान ‘रिअली वेल’ म्हणा. ‘नाइसली’चा खरा मुलूख वेगळाच आहे. दुखण्यातून उठणाऱ्याबद्दल ‘ही इज डूइंग नाइसली’ म्हणजे प्रकृती चांगली सुधारते आहे. ‘दॅट विल डू नाइसली’ म्हणजे एवढ्यात छान भागेल. आणि पोराने हात पुढे करून खाऊ मागितला की आई म्हणते ‘आस्क नाइसली’, म्हणजे नीट माग, आधी प्लीज म्हण. इथे मराठीत ‘छान’ चालणारच नाही, ‘नीट’ लागतो.

‘अ’ कधी लागतो

‘व्हॉट अ नाइस डे!’ पण ‘व्हॉट नाइस वेदर!’. डे मोजता येतो, वेदर मोजता येत नाही. आपल्याला हवा मोजायची सवय नाही, पण मराठीत एकवचनी नामापुढे काही लावावेच लागत नसल्याने कुठे लावायचे आणि कुठे गाळायचे याचा कानच तयार होत नाही. मग एकदा ‘अ नाइस’ ही जोडी पाठ झाली की ती सगळीकडे चिकटते. वेदर, न्यूज, ॲडव्हाइस, फर्निचर, म्युझिक, आणि काम या अर्थी वर्क, यांच्यापुढे ‘अ’ नको. ‘अ नाइस वर्क’ ही आपल्या कार्यालयांतली सर्रास चूक. शाबासकी द्यायची तर ‘नाइस वर्क’, किंवा पूर्ण वाक्यात ‘यू डिड अ नाइस जॉब’. जॉब मोजता येतो, म्हणून तिथे ‘अ’ आला.

‘इतका छान माणूस’ याचे ‘सो नाइस मॅन’ करू नका. नाम पाठोपाठ येत असेल तर ‘सच अ नाइस मॅन’. नाम नसेल तर ‘ही इज सो नाइस’. हाच न्याय ‘हाउ’ आणि ‘व्हॉट’ला: एकटे ‘हाउ नाइस!’, नामासह ‘व्हॉट अ नाइस सरप्राइज!’.

आणखी एक घरगुती खोड. मराठीत ‘छान छान साड्या’, ‘छान छान गोष्टी’ ही द्विरुक्ती गोड लागते, कारण ती अनेक वस्तू एकेक करून डोळ्यांपुढे आणते. ‘शी हॅज नाइस नाइस सारीज’ म्हटल्यावर इंग्रजी कानाला ते अडखळल्यासारखे वाटते. ‘शी हॅज सम लव्हली सारीज’ पुरे.

एका बाबतीत मात्र मराठी कान बिनचूक मदत करतो, तो म्हणजे विशेषणांचा क्रम. आपण ‘छान मोठा जुना सागवानी झोपाळा’ म्हणतो, ‘सागवानी जुना मोठा छान झोपाळा’ म्हणत नाही. इंग्रजीतही मत आधी, मग आकार, मग वय, मग रंग, मग कशाचा बनला ते: ‘अ नाइस बिग ओल्ड वुडन स्विंग’. इथे काही पाठ करायची गरज नाही.

माणसांशी बोलताना : ऑफ, टू, फॉर, विथ

‘माझ्याशी छान वागते’ यातला ‘शी’ आपल्याला ‘विथ’कडे ओढतो. माणसाशी वागण्याबद्दल बोलताना ‘नाइस टू’ म्हणायचे: ‘शी इज व्हेरी नाइस टू मी’. ‘नाइस विथ’ खाण्यापिण्याला लागतो. ‘धिस पिकल इज नाइस विथ कर्ड राइस’ ठीक, कारण लोणचे दहीभाताबरोबर छान लागते.

‘नाइस टू’मधला भाव स्वतः थोडे मागे सरून दुसऱ्याला सांभाळून घेण्याचा आहे. युनिक्स आणि लिनक्स या संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांना तो वेगळ्याच ठिकाणी भेटलेला असतो. तिथे ‘नाइस’ ही आज्ञा आहे. चालू कामाला −२० ते १९ यांमधला एक आकडा लागलेला असतो, साधारणपणे ०. आकडा जितका मोठा तितके ते काम ‘नाइस’, म्हणजे प्रोसेसरवर आपला हक्क सोडून इतरांना आधी जाऊ देणारे. आकडा वाढवायला कुणाचीच हरकत नसते. कमी करायला मात्र साधारणपणे व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. दुसऱ्याला पुढे जाऊ देण्यासाठी परवानगी लागत नाही, स्वतः पुढे घुसण्यासाठी लागते.

कुणी काही केले आणि त्याबद्दल त्याचे चांगुलपण मानायचे असेल तर ‘नाइस ऑफ’: ‘इट वॉज नाइस ऑफ यू टू कम’. तुम्ही आलात, हा तुमचा चांगुलपणा. इथे ‘ऑफ’ऐवजी ‘फॉर’ पडला की अर्थ उलटतो. ‘नाइस फॉर यू’ म्हणजे तुझ्यासाठी चांगले झाले; आणि कोरड्या आवाजात म्हटले तर सरळ ‘तुझं बरंय बाबा’. आभार मानायला गेलेला माणूस टोमणा मारून येतो, तो असा.

‘नाइस टू मीट यू’ पहिल्याच भेटीला, हस्तांदोलन करताना. निरोप घेताना ‘इट वॉज नाइस मीटिंग यू’. आधी भेटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ‘नाइस टू मीट यू’ म्हटले तर तुम्ही त्याला विसरलात असा अर्थ निघतो. तिथे ‘नाइस टू सी यू’. आपल्या ‘भेटून आनंद झाला’ला हे तीन कप्पे नाहीत, म्हणून हे वेगळे लक्षात ठेवावे लागते. फोनवर पहिल्यांदा बोलणे झाले असेल तर ‘नाइस टू स्पीक टू यू’. आणि ‘हॅव अ नाइस डे’ संध्याकाळी सातला म्हणू नका. ‘ईव्हनिंग’ म्हणा, शुक्रवार असेल तर ‘वीकएंड’.

‘इट वुड बी नाइस इफ...’ हे दुधारी आहे. पुढचे क्रियापद भूतकाळी घ्यायचे: ‘इट वुड बी नाइस इफ यू केम’, ‘कम’ नाही. आल्यास बरे वाटेल, अशी मऊ विनंती. पण ‘इट वुड हॅव बीन नाइस इफ समवन हॅड टोल्ड मी’ ही विनंती नाही, तक्रार आहे. कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं! मराठीत इथे आपण ‘छान’ म्हणत नाही, ‘बरं’ म्हणतो, आणि त्या ‘बरं’मध्ये जेवढी धार असते तेवढीच त्या ‘नाइस’मध्ये.

‘नाइस अँड’

पुस्तकी इंग्रजी शिकलेल्याला हे शेवटपर्यंत येत नाही. ‘द रूम इज नाइस अँड वॉर्म’ याचा अर्थ खोली छान आहे आणि ऊबदारही आहे, असा दोन तुकड्यांत नाही. नाइस इथे वॉर्मला जोर देतो: खोली कशी छान ऊबदार आहे. ‘गेट अप नाइस अँड अर्ली’ म्हणजे चांगले लवकर उठा. ‘टेक इट नाइस अँड स्लो’ म्हणजे छानपैकी सावकाश घ्या. मराठीतला ‘छानपैकी’, ‘मस्तपैकी’ हाच याचा सख्खा भाऊ.

दोन गोष्टी सांभाळा. ही जोडी क्रियापदानंतर येते, नामाआधी सहसा नाही. ‘अ नाइस अँड वॉर्म रूम’ खटकते. तिथे ‘अँड’ गाळून ‘अ नाइस वॉर्म रूम’. दुसरे, पुढचे विशेषण हवेहवेसे पाहिजे. ‘नाइस अँड क्रिस्पी’ चालते, ‘नाइस अँड सॉगी’ म्हटले तर भजी मऊ पडली म्हणून तुम्ही कूक मंडळींची थट्टा करताय असे होईल.

सूर बदलला की अर्थ बदलतो

एकटा ‘नाइस’ कमी बळाचा शब्द आहे. ‘ओके’च्या वर, ‘लव्हली’ आणि ‘ग्रेट’च्या बराच खाली. ‘हाउ वॉज द फूड?’ याला सपाट आवाजात ‘इट वॉज नाइस’ म्हटले तर ऐकणारा ‘बरं होतं’ एवढेच समजतो. मनापासून म्हणायचे तर आवाज वरून खाली यावा लागतो, किंवा ‘रिअली’ची जोड द्यावी लागते. ‘क्वाइट नाइस’ जपून वापरा. ब्रिटिश माणसाच्या तोंडी ‘क्वाइट’ बहुधा कौतुक थोडे कमी करतो, म्हणजे ‘तसं बरंय’. अमेरिकनाच्या तोंडी वाढवतो. ‘टू नाइस’ तर स्तुती नव्हेच. आपल्याकडे ‘टू गुड!’ ही दाद झाली आहे, पण ‘ही इज टू नाइस टू से नो’ म्हणजे माणूस भिडस्त आहे, नाही म्हणता येत नाही.

‘नाइस ट्राय’ म्हणजे प्रयत्न फसला. कधी चुचकारून म्हणतात, कधी डाव ओळखल्यावर म्हणतात, पण जमले नाही हे दोन्हींत गृहीत. मेहनतीने काम पूर्ण करून आणलेल्या सहकाऱ्याला प्रोत्साहन म्हणून ‘नाइस ट्राय’ लिहिले तर त्याचे तोंड उतरेल, आणि ते योग्यच. ‘दॅट्स नाइस’ शेवट खाली पाडून म्हटले की ‘असं का, बरं’, आणि विषय संपला. ‘नॉट व्हेरी नाइस’ दिसायला सौम्य. प्रत्यक्षात ‘हे वागणे हलकट आहे’ इथपर्यंत त्याची मजल जाऊ शकते.

उपरोध मात्र आपल्याला शिकवावा लागत नाही. ‘अ नाइस मेस यू हॅव मेड’ म्हणजे ‘छान घोळ घालून ठेवलास’. इथे छान आणि नाइस अगदी एकाच पावलाने चालतात.

लेखी ‘नाइस’ला सूरच नसतो, म्हणून समाजमाध्यमांवर तो सगळ्यात धोक्याचा. कुणाच्या वडिलांचा फोटो दिसतो, खालचा मजकूर न वाचता बोट ‘नाइस पिक’ टाइप करून मोकळे होते, आणि मजकूर असतो निधनाच्या बातमीचा.

मूर्खापासून छानपर्यंत

आता मूळ. लॅटिनमध्ये ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. त्याच्या आधी नकाराचा ‘ने’ लागून ‘नेस्कियस’ झाले : न जाणणारा, अज्ञ. हा ‘ने’ आपल्या ‘न’चा नात्यातलाच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नेस्कियस’ घासून ‘नीस’ झाला, अर्थ बावळट, मूर्ख. इंग्रजीत तो तेराव्या शतकाच्या शेवटाकडे आला तो याच अर्थाने, आणि उच्चारही ‘नीस’च होता. पुढे इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक सरकले, त्या लाटेत ‘टीम’सारखा उच्चार असलेला काळवाचक शब्द ‘टाइम’ झाला, तसा ‘नीस’चा ‘नाइस’ झाला. स्पेलिंग मागे राहिले.

‘स्कीरे’पासूनच ‘सायन्स’ आला आणि ‘कॉन्शन्स’ आला. म्हणजे सायन्स आणि नाइस मुळात जाणतेपण आणि अजाणतेपण, एकाच घरातले. ‘स्कीरे’च्याही मागे ‘कापणे, वेगळे करणे’ असा आदिम धातू मानतात, आणि संस्कृत ‘छिद्’ त्याच गोतावळ्यात धरतात. जाणणे म्हणजे एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढणे. आपले छेद, विच्छेद, छिन्नी हे शब्द त्या बाजूने नाइसचे दूरचे नातलग ठरतात.

चौदाव्या शतकात चॉसर या कवीच्या इंग्रजीत कुणाला ‘नीस’ म्हटले की तो शहाणा नव्हे एवढे नक्की. तिथून अर्थ सरकत गेला. भोळा, खुळचट, मग लाजाळू, आढेवेढे घेणारा, मग नाजूक आवडीनिवडीचा, चोखंदळ, चोखंदळ माणूस बारीक फरक ओळखतो म्हणून सूक्ष्म, नेमका, नेमक्या पारखीला उतरलेले ते रुचकर, सुखद, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत माणसाच्या स्वभावाला लागून चांगला, प्रेमळ. पायऱ्या अशा एकापुढे एक मांडल्या तरी प्रत्यक्षात त्या एकमेकींवर चढलेल्या होत्या. सोळाव्या-सतराव्या शतकातले वाक्य घेतले तर चोखंदळ, लाजरा की क्षुल्लक, यातला नेमका कोणता अर्थ ते संदर्भावरूनही कधी कधी ठरत नाही. म्हणून साधारण १७५०च्या आधीचे इंग्रजी वाचताना ‘नाइस’ दिसला की ‘छान’ हा अर्थ सगळ्यात शेवटी तपासायचा.

हे आपल्याला विचित्र वाटायचे कारण नाही. संस्कृत ‘मुह्’ म्हणजे गोंधळणे, भान हरपणे. त्याचे एक कृदंत ‘मूढ’ आणि दुसरे ‘मुग्ध’. एकाच धातूची दोन रूपे. मूढ मूर्खच राहिला. मुग्धही आधी भांबावलेला, अजाण होता; मग भोळा, मग त्या भोळेपणामुळे लोभस. साहित्यशास्त्रातली मुग्धा नायिका म्हणजे अननुभवी, लाजरी, आणि म्हणूनच मोहक. नाइसने पार केलेली वाट जवळजवळ पायरीला पायरी लावून हीच आहे. आज मुलीचे नाव मुग्धा ठेवताना मूढ कुणाच्या मनात येत नाही, तसा नाइस म्हणताना नेस्कियस येत नाही. उलट दिशेचे उदाहरणही इंग्रजीतच आहे. ‘सिली’ एके काळी धन्य, सुखी या अर्थाचा होता. जर्मनमधला त्याचा भाऊ ‘झेलिग’ अजून धन्यच आहे. इंग्रजीत तो घसरत खुळ्यावर आला.

जुना अर्थ अजून जिथे जिवंत आहे

नेमका, बारीक हा मधला अर्थ मेलेला नाही. कायद्याच्या इंग्रजीत तो रोज भेटतो. निकालपत्रात ‘अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ दिसले तर न्यायाधीश प्रश्नाला चांगला म्हणत नाहीत. प्रश्न बारकाव्याचा आहे, दोन्ही बाजूंना वजन आहे, निर्णय केसाच्या अंतराने फिरू शकतो, असे ते सांगताहेत. भाषांतर ‘कायद्याचा सूक्ष्म प्रश्न’. ‘कायद्याचा छान प्रश्न’ नव्हे. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सूक्ष्म भेद. ‘नाइस जजमेंट’ लागणारे काम म्हणजे जिथे अंदाज तोळाभरही चुकून चालत नाही असे काम. ‘ही इज नॉट टू नाइस अबाउट हिज मेथड्स’ म्हणजे मार्गाच्या बाबतीत तो फारसा विधिनिषेध बाळगत नाही.

हाच अर्थ ‘नाइसिटी’ या नामात गोठला आहे. उच्चार तीन अवयवांचा, ना-इ-सि-टी असा लांबवू नका, ‘नाइ-सि-टी’. ‘द नाइसिटीज ऑफ ग्रामर’ म्हणजे व्याकरणातले बारकावे, ‘सोशल नाइसिटीज’ म्हणजे रीतभात, उपचार. ‘जज्ड टू अ नाइसिटी’ म्हणजे अगदी तंतोतंत. चांगुलपणा म्हणायचा असेल तर शब्द वेगळा, ‘नाइसनेस’. हे दोन अदलाबदल होत नाहीत.

कधी काढून टाकायचा, आणि जागी काय ठेवायचे

नाइसवर कंटाळ्याची तक्रार जुनी आहे. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’त, म्हणजे १८१७च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या कादंबरीत, एक पात्र दुसऱ्याला यावरूनच चिडवते की हा शब्द आता सगळ्याच गोष्टींना लागतो. तेव्हापासून शाळामास्तर निबंधातले नाइस खोडत आले आहेत. सरसकट खोडू नये. ‘नाइस’चा अर्थ ‘मला आवडले, कारण विचारू नका’ एवढाच आहे, आणि जिथे कारण कुणाला नकोच असते तिथे, म्हणजे दारात, फोनवर, चहाच्या टेबलाशी, तो अगदी योग्य शब्द आहे. जिथे कारणासाठीच कुणी तुमचे लिहिणे वाचतो आहे तिथे तो रिकामा पडतो. शिफारसपत्रात ‘शी इज अ नाइस पर्सन’ हे वाक्य उमेदवाराचे नुकसान करते. वाचणारा समजतो की कामाबद्दल लिहिण्यासारखे काही सापडले नाही.

काढण्याची रीत सोपी. प्रत्येक नाइसला ‘काय छान?’ असे विचारा आणि जे उत्तर येईल ते लिहा. हा एक निरोप घ्या, हाताखालच्या माणसाला पाठवलेला:

‘नाइस रिपोर्ट. नाइस ग्राफ्स. बट डेटा इज ओल्ड. इट विल बी नाइस इफ यू कॅन अपडेट.’

चार वाक्यांत तीन नाइस. पहिले दोन ‘बट’ येईपर्यंतच टिकतात. तो आला की ती नुसती पेरणी होती हे उघड होते. शेवटचे वाक्य हुकूम आहे की इच्छा, ते कळत नाही. परदेशी वाचणारा ते ‘जमल्यास करा’ असे समजून बाजूला ठेवील, आणि गुरुवारी तुम्ही त्याच्यावर चिडाल. आता विचारा. रिपोर्टमध्ये काय छान? महिनावार आलेख, घसरण एका नजरेत दिसते. काय हवे? मार्चपर्यंतचे आकडे. कधी?

‘थँक्स फॉर द रिपोर्ट. द मंथली ग्राफ ऑन पेज टू मेक्स द ड्रॉप ईझी टू सी. प्लीज अपडेट द फिगर्स टू मार्च बाय थर्सडे.’

नाइस एकही नाही, आणि वाचणाऱ्याला आपले काम कुणीतरी दुसऱ्या पानापर्यंत उघडून पाहिले हे कळते. गुरुवारी आकडे आले की मग दोन शब्दांचे ‘नाइस वर्क’ पाठवा. तेव्हा ते खरे लागेल.

इंग्रजीतून मराठीत आणताना हीच रीत उलटी चालते, कारण तिथे सगळ्या नाइसचे ‘छान’ करण्याचा मोह होतो. ‘अ नाइस लिटल हाउस’ला टुमदार घर हा तयार शब्द आहे. ‘अ नाइस मॅन’ बोलण्यात गोड असेल तर लाघवी, वागण्यात सरळ असेल तर सज्जन, चार माणसांत मिसळणारा असेल तर मनमिळाऊ. ‘नाइस स्मेल’ फोडणीचा असेल तर खमंग, मोगऱ्याचा असेल तर मंद किंवा घमघमाट, जितका असेल तितका. ‘आय हॅड अ नाइस लाँग चॅट विथ हर’ म्हणजे तिच्याशी चांगल्या ऐसपैस गप्पा झाल्या. आणि उन्हातून घरात शिरलेला माणूस ‘इट्स नाइस अँड कूल इन हिअर’ म्हणाला, तर शब्दकोश उघडू नका. मे महिन्यात माजघरात टेकताना कुणीही जे म्हणते तेच लिहा: ‘इथे कसं छान गार वाटतंय.’